अंगठ्याची खाच

रविवारी सकाळी दहा वाजता कारखाना बंद होता, म्हणून सगळे कारखान्यात जमले होते. गंभीर विषय घरी काढलेला आत्याला चालत नसे. घरी कुणीतरी मध्येच गॅस बंद करायला उठतं आणि तेवढ्यात निर्णय उतू जातो, असं तिचं म्हणणं होतं. आप्पा गेल्यावरची वाटणी, चिरंजीवांचं लग्न, नानाचं वेगळं दुकान, सगळं या जोडणीच्या खोलीतच ठरलं होतं, आणि दर वेळी आत्याचे हात चालूच होते. आजही होते. सुट्टी कारखान्याला होती, आत्याला नव्हती.

खोली लांबट. डाव्या भिंतीवर डावी पाती टांगलेली, उजव्या भिंतीवर उजवी. खिडकीखाली आत्याचा बाक आणि त्या बाकावर तिच्या कोपराने चोपन्न वर्षांत पाडलेला खळगा. कात्रीचं पातं सरळ असून चालत नाही. दोन्ही पाती एकमेकांकडे किंचित वाकलेली लागतात, इतकी किंचित की डोळ्याला दिसू नये. कात्री मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूवर भेटली पाहिजेत आणि तो बिंदू बुडापासून टोकापर्यंत न अडखळता चालत गेला पाहिजे. हे मोजायचं यंत्र तिच्या भावाने, अण्णांनी, दोनदा आणलं. दोन्ही यंत्रं आता दार उघडं राहावं म्हणून दाराला लावलेली होती. आत्या कात्री कानाशी धरून एकदाच मिटायची, ऐकायची, स्क्रू काढून पात्याला हातोडीची एक टिचकी द्यायची, परत जोडायची, परत ऐकायची आणि कात्री उजवीकडे ठेवायची. उजवीकडे ठेवली की ती कात्री पुढची वीस वर्षं कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

अण्णा एका उपड्या खोक्यावर कोट घालून बसले होते. कोट वकिलांसाठी होता. वकील बारा वाजता येणार होते, पण अण्णांनी तो सात वाजल्यापासून घातला होता, म्हणजे सवय होईल. उद्या सकाळी राजधानीत सुनावणी होती: परदेशी कात्र्यांवर जकात वाढवायची की नाही. गेली सहा वर्षं परदेशी कात्री निम्म्या किमतीत येत होती आणि साठ कामगारांचे सव्वीस झाले होते. जकात वाढली नाही तर दिवाळं काढायलासुद्धा कामगार उरणार नाहीत, असं अण्णा म्हणत. हा त्यांचा विनोद नव्हता. अण्णा विनोद करत नसत, ते हिशेबी माणूस होते.

"वाच," ते म्हणाले.

चिरंजीवांनी कागद उचलला. चिरंजीव म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा, वय चव्वेचाळीस. शेवटचं जो बोलला त्याचं त्यांना पटायचं. या गुणामुळे घरात त्यांचं सगळ्यांशी बरं होतं आणि कुठल्याही बैठकीत त्यांना शेवटी बोलू देत नसत.

कागद म्हणजे आत्याचं प्रतिज्ञापत्र. वकिलांनी भाषा चढवली होती. "आमचे वडील कैलासवासी आप्पा यांनी प्रदीर्घ संशोधनाअंती, कारागिराच्या अंगठ्यास विश्रांती लाभावी या उदात्त हेतूने, कात्रीच्या मुठीत आतील बाजूस एक खाच योजिली. ही खाच आमच्या घराण्याची ओळख होय. परदेशी उत्पादकांनी तिची हुबेहूब चोरी केली आहे. मी त्या संशोधनाची एकमेव हयात साक्षीदार असून वरील मजकूर सत्य आहे."

"फार छान आहे," चिरंजीव म्हणाले, कारण शेवटचा बोललेला तो कागदच होता.

वकिलांचं म्हणणं अण्णांनी पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितलं. उद्या त्या अधिकाऱ्यापुढे एकवीस अर्ज आहेत: कुलूपवाले, ब्रशवाले, छत्रीवाले. सगळ्यांचं रडगाणं एकच, फक्त वस्तू वेगळी. अधिकारी पहिलं पान वाचतो, मग चहा पितो. आपल्या अर्जाला दात हवा, आणि तो दात म्हणजे ही खाच. चोरी म्हटलं की माणूस चहा खाली ठेवतो.

अडचण एकच होती. आप्पांच्या मृत्युपत्रानुसार कारखान्याच्या नावाचा कुठलाही कागद तिघा भावंडांच्या सह्यांशिवाय बाहेर जात नसे. अण्णांची सही झाली होती. नाना परदेशी कात्र्या विकत होता, म्हणजे त्याच्या सहीची आशा नव्हती. पण आठवड्यापूर्वी त्यानेच जाहीर करून टाकलं होतं की आत्या जिथे सही करेल तिथे तो डोळे मिटून करेल. घरातल्या सगळ्यांना याचं नवल वाटलं होतं. आत्या तेवढी काही बोलली नव्हती.

कागद तिच्यासमोर चार दिवस पडून होता. आत्ता त्यावर तेलाचा डबा ठेवलेला होता.

*

सूनबाईंना या घरात येऊन सतरा वर्षं झाली होती आणि त्यातली पंधरा त्यांनी सासऱ्यांशी जकातीवरून वाद घालण्यात सुखाने घालवली होती. त्यांचा शर्ट शिवायचा कारखाना कोपऱ्यावरच होता. नव्वद मशिनं, बारा कापणारे. कापणाऱ्याला कामावर घेताना त्या काही विचारत नसत, फक्त अंगठा बघत. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा असेल तर माणूस खरा. तो घट्टा त्या खाचेमुळेच पडायचा. कापणारे तो एकमेकांना दाखवत. कापडबाजारात तर असं म्हणत की घट्टा नसलेल्याच्या हातात अख्खा ताका देऊ नये.

म्हणजे अंगठ्याची विश्रांती ती हीच, असं सूनबाईंच्या मनात प्रतिज्ञापत्र ऐकताना आलं. पण त्या आज दुसऱ्याच मुद्द्यावर होत्या.

"अण्णा, दुसरा अर्जही मी वाचला," त्या म्हणाल्या. "कात्रीवर जकात वाढवा आणि पोलादावरची काढून टाका, असं एकाच दमात लिहिलंय."

अण्णांनी समजावून सांगितलं की पोलाद हा कच्चा माल आहे. तो बाहेरून स्वस्त आलाच पाहिजे, नाहीतर देशी उद्योग मरेल.

"आणि पोलादवाले देशी नाहीत?"

ते देशी आहेत, अण्णा म्हणाले, पण त्यांचं पोलाद वाईट आहे.

सूनबाईंनी मग शर्टांचा विषय काढला. त्यांचे शर्ट ज्या देशात जात, त्याच देशातून कात्र्या येत होत्या. आपण कात्रीवर जकात वाढवली तर ते शर्टावर वाढवणार, असं त्यांच्या गिऱ्हाइकाने स्वच्छ कळवलं होतं.

"शर्टावर?" अण्णा खोक्यावरून अर्धवट उठले. "अरे, हा तर उघड अन्याय आहे. शर्टाने कुणाचं काय वाकडं केलंय?"

दाराशी उभा असलेला नाना हसला. त्रेसष्ट वर्षांचा नाना या कारखान्यात कधी बसत नसे. नऊ वर्षांचा असताना त्याने इथे पुन्हा म्हणून बूड टेकणार नाही अशी शपथ घेतली होती आणि चोपन्न वर्षं ती उभ्याने पाळली होती. वाटणी झाली तेव्हा तो सात तास उभा होता. शपथेचं कारण आता कुणाला आठवत नव्हतं. नाना सोडून.

"वहिनींचं बरोबर आहे," तो म्हणाला. नाना घरातल्या सगळ्या बायकांना वहिनी म्हणायचा, पुतण्याच्या बायकोलासुद्धा. त्याने वेळ वाचतो. "लोकांना स्वस्त मिळतंय ते घेऊ दे की. शिंप्याची कात्री निम्म्यात आली तर उरलेल्या पैशात तो पोरीला शिकवेल. तू कुंपण घालणार, अण्णा, आणि कुंपणाचा खर्च शिंपी देणार."

"आणि माझी सव्वीस माणसं?"

"सव्वीस माणसांसाठी सगळ्या देशाने महाग कात्री घ्यायची?"

"घेतात ना," अण्णा म्हणाले. "साठ माणसं होती तेव्हा घेतच होते."

चिरंजीवांना दोन्ही बाजू पटल्या आणि ते पाणी आणायला गेले.

सूनबाई आत्याकडे बघत होत्या. एवढं रामायण चाललंय आणि ही बाई शांतपणे पाती जुळवतेय. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सूनबाई एकदा रडत या खोलीत आल्या होत्या. आत्याने काही विचारलं नव्हतं, हातात दोन पाती दिली होती आणि म्हटलं होतं, "ऐक." तासाभराने सूनबाईंना रडू कशाचं आलं होतं ते आठवेना, आणि एक कात्री जवळजवळ जुळली होती. आत्याने ती मोडून परत जुळवली, तो भाग वेगळा.

"आत्या, तुम्ही काहीच बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"नाना," आत्या म्हणाली, "तुझी एक कात्री आण."

*

नानाच्या पिशवीत नमुने असतच. त्याने खोक्यातून एक कात्री काढली. चकचकीत, खोक्यावर सात भाषांत लिहिलेलं की मुठीतली ही खास खाच अंगठ्याला विश्रांती देते. आत्याने डोळे मिटले आणि समोर हात केला. "आमची पण एक मध्ये घाल. आणि सांगू नकोस."

नानाला मनातून हा खेळ फार आवडायचा. लहानपणी तो याच बाकाशी उभा राहून ताईला कात्र्या द्यायचा आणि ती सांगायची, ही कुणी घडवली, ही कुणी साणेवर धरली, आणि हा आज बायकोशी भांडून आलाय. तेव्हा ती ताई होती. घरात मुलं झाल्यावर सगळ्यांची आत्या झाली. भावांचीही झाली, आणि एकदा वीज मंडळाच्या अधिकाऱ्याचीसुद्धा.

तिने पहिली कात्री कानाशी मिटली. "ही आमची. बुधवारची. साणेवरच्याचा खांदा दुखतोय, उजवा. त्याला रजा द्या."

चिरंजीवांनी पाण्याचा जग ठेवला आणि ते लिहून घेतलं.

दुसरी मिटली. थांबली. पुन्हा मिटली. टिचकी न मारता कात्री दोनदा ऐकताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"ही तुझी," ती म्हणाली. "पोलाद आमच्यापेक्षा चांगलं आहे."

अण्णांनी कोटाचं बटण काढलं.

"पोलाद चांगलं, घासणी चांगली, यंत्राने केलीय पण मन लावून केलीय. तिकडेही कुणीतरी आहे ज्याला कळतं." आत्याने डोळे उघडले. "फक्त जोडणीला कुणी ऐकलेलं नाही. दोन महिन्यांत सैल पडेल. पडते ना?"

नानाने मान हलवली. त्याच्या गोदामात परत आलेल्या कात्र्यांची खोकी होती, पण हे कबूल करायला तो आला नव्हता. आत्याने स्क्रू काढला, पात्याला एक टिचकी मारली, जोडली, ऐकली आणि ती परदेशी कात्री उजवीकडे, आपल्या कात्र्यांत ठेवून दिली. सगळं मिळून दीड मिनिट. नाना तिकडे बघत राहिला. त्या कात्रीसाठी दोन बंदरं, एक जहाज, अकरा शिक्के आणि त्याचे सात फोन लागले होते, आणि ती पुरी झाली ती या बाकावर.

"बघितलंस?" अण्णा उठले. "म्हणूनच म्हणतो, सही कर. जकात लागू दे, मग हा बाक राहील. नाहीतर तूच नसशील इथे."

"या कागदावर सही नाही करणार मी," आत्या म्हणाली.

ती इतक्या सहज बोलली की दोन क्षण सगळ्यांना वाटलं, ती स्क्रूबद्दल बोलतेय.

मग अण्णा बोलले. जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं आणि बोलताना त्यांना ते कळतही होतं. आत्या नानाला सामील आहे, म्हणाले. नाना इतक्या खुशीत सही तिच्यावर का टाकून मोकळा झाला ते आता कळलं, म्हणाले. आप्पांची खाच, आप्पांचं नाव, आणि सख्खी मुलगी एक सही देत नाही. सव्वीस घरं बंद पडतील तेव्हा त्यांना काय सांगायचं, की आत्याचा मूड नव्हता?

आत्याने हातोडी खाली ठेवली. सूनबाईंनी हे सतरा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

"कागदात खोटं आहे," ती म्हणाली.

"काय खोटं आहे? कोणता शब्द?"

आत्या अण्णांकडे बघत राहिली. बराच वेळ. रागाने नव्हे, आव्हान म्हणूनही नव्हे. पातं जुळवताना बघते तसं, कुठे भेटतंय ते शोधत.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली आणि तिने हातोडी परत उचलली.

*

अण्णांना तेव्हा कळलं की तिने पाहिलं होतं.

चोपन्न वर्षं त्यांना वाटत होतं की ती गोष्ट जगात फक्त त्यांना माहीत आहे. त्या चोपन्न वर्षांत त्यांनी खाचेबद्दल तीन भाषणं केली होती, माहितीपत्रकात तिचं मोठं चित्र छापलं होतं आणि एका प्रदर्शनात तिला पदकही मिळालं होतं. पदक ऑफिसात होतं. आणि आत्या या सगळ्या काळात खिडकीखाली बसून पाती जुळवत होती, ती दुपार पाहिलेली. पदकावरची धूळही तीच पुसायची.

ते परत खोक्यावर बसले. कोट काढून मांडीवर घेतला.

"आप्पांनी खाच योजली नाही," ते म्हणाले. "ती मी पाडली."

नाना म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे पाडली. हातातून."

मग अण्णांनी सांगितलं. तेव्हा सरकारने परदेशी कात्र्यांवर जवळजवळ बंदीच घातली होती. आप्पांना वाटलं, आता आपण करू. पण करायची कशी, ते माहीत नव्हतं. कुंपण होतं, आत झाड नव्हतं. एका म्हाताऱ्या शिंप्याकडे बंदीआधीची एक परदेशी कात्री होती. आप्पांनी ती आठ दिवसांच्या बोलीवर आणली, साचा घेण्यासाठी. पहिल्याच दिवशी आप्पा जेवायला गेले आणि सतरा वर्षांच्या अण्णांनी ती तर्जनीत अडकवून गरागरा फिरवली.

"तुम्ही?" सूनबाईंच्या तोंडून निघून गेलं. अण्णा चमचासुद्धा फिरवत नसत.

"मला यायचं ते," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. "दोन्ही हातांनी."

कात्री उंबऱ्यावर पडली. मूठ बिडाची होती, टवका उडाला. आप्पा परत यायला वीस मिनिटं होती. अण्णांनी बारीक कानस घेतली आणि टवक्याची जागा घासून घासून अशी गुळगुळीत केली की ती मुद्दामच केल्यासारखी दिसावी. आयुष्यात त्यांनी इतकं सुबक काम पुन्हा केलं नाही. आप्पा आले, कात्री हातात घेतली, खाच बघितली आणि सगळ्या कामगारांना बोलावून दाखवली. म्हणाले, बघा, त्या लोकांनी अंगठ्याचासुद्धा विचार केलाय, म्हणून ते पुढे आहेत. आणि साचा घेतला, खाचेसकट. शिंप्याने कात्री परत नेली तेव्हा तोही म्हणाला की पूर्वीपेक्षा हातात बरी बसतेय, काय केलंत?

"पण ती खाच टोचते," सूनबाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे," अण्णा म्हणाले.

चिरंजीव आपला अंगठा बघत होते. नाना मात्र दारातून आत आला होता, पावलापावलाने, आणि अण्णांच्या पुढ्यात उभा होता.

"कुठली कानस?" त्याने विचारलं.

अण्णा मांडीवरच्या कोटाची घडी घालू लागले.

"आप्पांची बारीक कानस. तोंड बोथट झालेली. त्या संध्याकाळी आप्पांनी विचारलं, कुणी वापरली. मी बाकाखाली बसलो होतो." नानाचा आवाज नऊ वर्षांचा झाला. "मला सगळ्या कामगारांसमोर थोबाडीत मारली, अण्णा. मी कानसेला हातही लावला नव्हता."

त्या थपडेनंतर नाना कारखान्यात बसला नाही, आणि जो कारखान्यात बसत नाही त्याला दुसरं काहीतरी करावं लागतं, म्हणून त्याने दुकान काढलं. दुकानात घरचा माल ठेवणार नाही म्हणून बाहेरचा आणला. मुक्त व्यापारावर नाना पुढे पुष्कळ बोलला, आकडे द्यायचा, उदाहरणं द्यायचा, आणि ती सगळी खरी होती. पण त्यांच्या मुळाशी एक कानस होती.

"नाना," अण्णा म्हणाले. पुढचे शब्द त्यांनी आयुष्यात धाकट्या भावाला उद्देशून वापरले नव्हते आणि ते कुठून धरायचे ते त्यांना समजेना. "चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. थप्पड माझी होती."

नानाने बाकाखालचं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसला.

आत्याने ऐकण्यासाठी उचललेली कात्री कानाशी तशीच राहिली.

*

वकील बाराला पाच मिनिटं असताना आले आणि सगळं ऐकून हरखले. कागद हवेत हलवत ते म्हणाले की अण्णासाहेब, यात वाईट काय आहे? खाच आप्पांची नाही तर नाही, तुमची तर आहे. परदेशी मूळ कात्रीला ती नव्हती. म्हणजे जगात जिथे जिथे ही खाच आहे, तिथे तिथे तुमच्या हातून उडालेला टवका आहे. चोरी आणखी पक्की झाली. फक्त तेवढं फिरवण्याचं आपण वगळू.

अण्णांनी मान हलवली नाही, पण त्यांची पाठ सरळ झाली. सव्वीस माणसांचा रंग त्यांच्या चेहऱ्यावर परत आला.

नाना स्टुलावर चुळबुळ करू लागला. त्याला बसायची सवय नव्हती, हे एक कारण होतं.

"वकीलसाहेब, त्यांनी चोरी नाही केली," तो म्हणाला. "मी पाठवली."

सहा वर्षांपूर्वी त्याने पहिला परदेशी माल मागवला तेव्हा त्या कात्रीला खाच नव्हती. एक नग खपेना. शिंपी हातात घ्यायचे, अंगठा फिरवायचे आणि ठेवून द्यायचे: खाच कुठाय? नकली आहे ही. म्हणून नानाने घरची एक कात्री प्रदर्शनासाठी म्हणून आत्याकडून नेली आणि पत्रासोबत तिकडे पाठवली. आमच्याकडे खाच लागते, असं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की खाचेचा उपयोग काय? नानाला माहीत नव्हतं. त्याने लिहिलं, अंगठ्याला विश्रांती.

"प्रदर्शनाची कात्री मीच बांधून दिली," आत्या म्हणाली. "प्रदर्शन जूनमध्ये होतं आणि हा मार्चमध्ये घाईत होता."

म्हणजे तिला तेही माहीत होतं. अण्णांनी बहिणीकडे पाहिलं. एक भाऊ दुसऱ्याचा चोर, दुसरा पहिल्याचा, आणि दोघांची पावती ही बाई खिशात घालून बसली होती, एकाची चोपन्न वर्षं, दुसऱ्याची सहा, कुणालाही न दाखवता. मघाशी आपण हिला काय काय बोललो ते त्यांना शब्दाशब्दाने आठवलं. तिने एक वाक्य उच्चारलं असतं तर ते तिथेच थांबले असते, आणि ते वाक्य तिने उच्चारलं नाही.

वकील म्हणाले की हरकत नाही, नानासाहेबांचं पत्र आपण दाखवायचं नाही. ते पत्र कुणाला सापडणार आहे? चोरीचा परिच्छेद तसाच ठेवू.

आता बोलायचं होतं अण्णांनी. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते खिडकीखालच्या बाकाकडे. त्यांच्या खिशात पेन होतं, कागदावर त्यांची सही होती, नानाने तोंड मिटलं असतं आणि आत्यालाही त्यांनी हात जोडले असते तर कदाचित तिने केलीही असती. कारखान्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. तिने त्यांच्यासाठी काय काय केलंय ते आज सकाळपासून मोजायला सुरुवात झाली होती आणि अजून संपत नव्हतं.

त्यांनी तेलाचा डबा बाजूला केला, प्रतिज्ञापत्र घेतलं आणि दुमडून दाराच्या यंत्राखाली सारलं. यंत्र जरा डुगडुगत होतं, ते आता डुगडुगायचं थांबलं.

"खरं लिहा," ते वकिलांना म्हणाले. "सगळं."

"सगळं म्हणजे?"

"फिरवण्यासकट."

पुढचा एक तास सूनबाईंनी सांगितलं आणि वकिलांनी लिहिलं. खाच कुणाची नाही, अपघाताची आहे. कात्री बाहेरून आली, इथे तुटली, पुन्हा बाहेर गेली आणि पुन्हा आत आली, आणि चारही वेळा तिला लोकांनी चांगलं म्हटलं. बाहेरचं पोलाद चांगलं आहे, इथली जोडणी चांगली आहे. जकात तीन वर्षांपुरती द्या, दर वर्षी कमी करत जा. तेवढ्यात आम्ही पोलाद शिकतो आणि पंचवीस माणसांना ऐकायला शिकवतो. चौथ्या वर्षी नाही जमलं तर कुंपण काढा आणि आम्हाला काही विचारू नका. शर्टांना यात ओढू नका.

"पंचवीस का? सव्वीस आहेत," अण्णा म्हणाले.

"साणेवरच्याला रजा आहे," चिरंजीव म्हणाले. वहीत लिहिलेलं होतं. त्यांनी आज दिवसभरात पहिल्यांदाच स्वतःहून काही सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली, तेव्हा ते इतके लाजले की पुन्हा पाणी आणायला गेले.

नाना म्हणाला, तीन वर्षं तो तग धरेल, पण त्याला थपडेचा उल्लेख हवा. वकील म्हणाले, असं शासकीय अर्जात घालता येत नाही. आत्या म्हणाली, परिशिष्टात घाला. परिशिष्टात घातलं.

वकिलांनी अर्ज सुरुवातीपासून वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. आपल्या तीस वर्षांच्या वकिलीत असा अर्ज पाहिला नाही आणि उद्या सगळे हसतील, असं ते म्हणाले. जकात मिळेलच असं तर मुळीच सांगता येत नाही.

"पण शेवटपर्यंत वाचेल तो," ते दारात थांबून म्हणाले. "मीच परिशिष्टापर्यंत गेलो."

तीन सह्या झाल्या. आधी आत्याची, मग तिच्याखाली नानाची, डोळे मिटून, शब्द दिल्याप्रमाणे. त्यामुळे ती जरा अण्णांच्या रेघेवर गेली. वकील गेले, त्यांच्यामागे सूनबाई शर्टांकडे गेल्या. नाना स्टुलावरून उठायला तयार नव्हता. पाय मोकळे करतोय, म्हणाला, बसून.

अण्णांनी मघाची ती परदेशी कात्री उजवीकडच्या ढिगातून उचलली. अंगठा आपोआप खाचेत गेला. टोचलं. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, कात्री तर्जनीत अडकवली आणि फिरवली. एकाहत्तराव्या वर्षी एक वेढा नीट आला. त्यांनी घाईने कात्री थांबवली आणि इकडे तिकडे पाहिलं.

आत्या मान खाली घालून पातं जुळवत होती.

"तेव्हा मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू एकदा फिरवून थांबला होतास. मीच म्हटलं, अजून एकदा."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. हे त्यांना आठवत नव्हतं. चोपन्न वर्षांत त्यांनी त्या दुपारचा एक एक क्षण उगाळला होता, आणि तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"मग?" आत्या म्हणाली. "अजून एकदा."

आणि मान वर न करता तिने डावा हात पुढे करून, तळवा उघडून, कात्रीखाली धरला.